राज्य सोडून देणारा राजपुत्र : औंधचे आप्पासाहेब पंत

इतिहासाच्या पुस्तकांत संस्थानिकांना फारशी चांगली जागा मिळालेली नाही, आणि ती न मिळण्याची कारणे भक्कम आहेत. शिकारी, विलायतेच्या वाऱ्या, मोटारींचे ताफे, दत्तकाचे तंटे आणि रेसिडेंटसाहेबापुढे लवलेली मान, एवढ्यात बहुतेकांची चरित्रे आटोपतात. आम्हा मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना तर या विषयाकडे तटस्थपणे पाहणे अधिकच कठीण जाते. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने राज्य म्हणून जे पाहिले ती 'मोगलाई'. हिंगोली, कळमनुरी, वसमत हा सारा टापू त्या काळी परभणी जिल्ह्यात आणि परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वारंगा फाट्यावर आज एक रस्ता हिंगोलीकडे व दुसरा हदगाव, उमरखेडवरून नागपूरकडे फुटतो. यातला दुसरा रस्ता त्या काळी पैनगंगा ओलांडली की दुसऱ्या राज्यात जात असे. नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाडात इंग्रज. नदीपलीकडच्या माणसाला सभा भरवता येत असे आणि अलीकडच्याला त्यासाठी तुरुंगात जावे लागे, हे घरोघर सांगितले जाते.

अशा मुलखातल्या विद्यार्थ्याने एका राजपुत्रावर कौतुकाने लिहावे, हे काही मित्रांना विचित्र वाटेल. परंतु 'संस्थानांचे विलीनीकरण' हा भाग अभ्यासताना औंधच्या प्रयोगाचा चार ओळींचा उल्लेख वाचनात आला आणि त्या चार ओळी मला पुरेनात. राजसत्ता प्रजेने झगडून घ्यावी लागते, हे आम्हाला ठाऊक होते. ती आपण होऊन देऊन टाकता येते काय, आणि दिल्यावर त्या सत्तेचे व देणाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मला आप्पासाहेब पंतांच्या चरित्रापर्यंत घेऊन गेला. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. राजपुत्र, मुत्सद्दी आणि ग्रंथकार ही तिन्ही नाती एका माणसाच्या ठिकाणी महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे क्वचितच एकत्र आली असतील.

प्रथम गावाविषयी. आमच्याकडे औंध म्हटले की लोकांना औंढा नागनाथ आठवते, आणि पुणेकरांना पुण्याचे औंध. हे औंध त्या दोन्हींहून निराळे, सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले. डोंगरावर यमाईचे देऊळ आणि खाली पंतप्रतिनिधींची राजधानी. छत्रपती राजाराममहाराज व ताराबाई यांच्या पडत्या काळात ज्या परशुराम त्रिंबकांनी गडकिल्ले राखले त्यांचे हे घराणे. संस्थान अगदी लहान होते. क्षेत्र सुमारे पाचशे चौरस मैल, गावे बहात्तर, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तीही सलग नाही. औंध एकीकडे, कृष्णाकाठचे कुंडल दुसरीकडे, माणदेशातले कोरडे आटपाडी तिसरीकडे आणि विजापूरकडील कानडी मुलखात गुणदाळ. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये परका मुलूख लागे. तुलनेसाठी सांगायचे तर हैदराबाद संस्थान ब्याऐंशी हजार चौरस मैलांचे होते, आणि १९४१ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती एक कोट साठ लाखांवर होती.

आप्पासाहेबांचे वडील बाळासाहेब ऊर्फ भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे या छोट्या राज्याचे १९०९ पासूनचे राजे. सूर्यनमस्कार हा त्यांचा ध्यास. शाळेतल्या पोरापासून पाहुण्यापर्यंत कोणालाही त्यातून सुटका नसे. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, पदवीधर. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरविले तेव्हा एक लाख रुपयांचे अभिवचन या राजाने दिले. किर्लोस्करवाडी वसली ती औंध संस्थानच्या माळावर आणि ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला तोही औंधच्या हद्दीत. पंडित सातवळेकरांचा स्वाध्याय मंडळ औंधलाच होता. १९३५ साली इंदूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. ज्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली आहे त्यांनी हे संस्थान न ओळखता पाहिलेलेच आहे. त्या कादंबरीतला पोरसवदा मास्तर ज्या राज्याची शाळा चालवायला धनगरांच्या वाडीवर जातो, ते राज्य हेच.

या घरात ११ सप्टेंबर १९१२ रोजी आप्पासाहेबांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी, पुढे ऑक्सफर्ड, मग लंडनला बॅरिस्टरी, असा त्या काळच्या राजपुत्राला साजेसा क्रम झाला. १९३७ च्या सुमारास ते परतले. या वेळेपर्यंतची त्यांची कथा इतर दहा राजपुत्रांसारखीच आहे, म्हणून तिच्यावर मी अधिक लिहीत नाही.

परतल्यावर त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन या माणसाशी पडली. हा पोलंडमधला ज्यू अभियंता. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात कामाला होता आणि मनाने गांधींचा झालेला होता. पुढे त्याने भारतानंद हे नाव घेतले. मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे ज्याने इंग्रजीत नेली तो हाच, पण ती गोष्ट कितीतरी नंतरची, १९७३ ची. फ्रीडमन औंधला आला. राजाला त्याचे म्हणणे पटले की प्रजेला टप्प्याटप्प्याने हक्क देत बसण्यापेक्षा सारी सत्ता एकदमच तिच्या हाती द्यावी. १९३८ च्या अखेरीस राजाने तशी घोषणा केली. मग आप्पासाहेब आणि फ्रीडमन वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींकडे गेले आणि राज्यघटनेचा आराखडा त्यांच्या देखरेखीखाली तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये तो औंधचा कायदा म्हणून जाहीर झाला.

या घटनेची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. आपण नागरिकशास्त्रात जी उतरंड शिकतो ती दिल्लीपासून सुरू होऊन गावात संपते. औंधची उतरंड गावातून सुरू होत असे. गावाने मतदानाने पाच पंच निवडायचे. पंचांनी आपला अध्यक्ष निवडायचा. गावोगावच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती, आणि तालुक्यांनी पाठविलेल्या प्रतिनिधींचे मिळून विधिमंडळ. मंत्री विधिमंडळाला जबाबदार. गावातले तंटेबखेडे शक्यतो गावातच मिटवायचे. म्हणजे वरच्या सभेत बसणारा प्रत्येक माणूस आधी स्वतःच्या गावात निवडून आलेला असायचा, आणि गावाने त्याला ओळखलेले असायचे. मतदाराला लिहितावाचता यावे असा गांधीजींचा आग्रह होता. त्यामुळे साक्षरतेचे वर्ग हा राज्यकारभाराचाच एक भाग झाला, आणि शिक्षण खाते राजपुत्राने स्वतःकडे घेतले.

या तारखा मी आमच्याकडील तारखांशेजारी ठेवून पाहिल्या. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने ती स्थापन होण्याआधीच बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थांसह अनेकजण तुरुंगात गेले. वर्षाच्या शेवटी उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल काढून टाकण्यात आले व त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. बरोबर त्याच आठवड्यांत औंधचा राजा आपली सत्ता कागदावर उतरवून देत होता. एकाच देशात, एकाच भाषेच्या दोन मुलखांत हे चालले होते. आमच्या वर्गातील एका मित्राने यावर असे म्हटले की पाचशे मैलांचे राज्य सोडणे सोपे असते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु औंधपेक्षाही लहान अशी संस्थाने हिंदुस्थानात शेकड्यांनी होती, आणि त्यांच्यापैकी कोणाला हे सुचल्याचे दिसत नाही.

या प्रयोगातील एक अंग आपल्याला चित्रपटामुळे परिचित आहे. आटपाडीजवळ १९३९ साली फ्रीडमनच्या कल्पनेतून 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची खुली वसाहत काढण्यात आली. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंती नसलेल्या जागी जमीन कसायला द्यायची आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असा हा विचार. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांनी या वसाहतीवरून कथा लिहिली आणि तिच्यावर व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. ती वसाहत अजूनही खुले कारागृह म्हणून चालू आहे आणि कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करतात. औंधच्या साऱ्या प्रयोगातली आजवर टिकलेली संस्था ती हीच.

प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा लेख म्हणजे गौरवग्रंथातले एक प्रकरण होईल. साक्षरतेची अट कागदावर शहाणपणाची दिसते. प्रत्यक्षात त्या काळच्या खेड्यात अक्षरओळख कोणाला होती? स्त्रिया आणि गावकुसाबाहेरचा समाज त्या अटीने सर्वांत आधी बाहेर राहिला असणार, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. दुसरे असे की सत्ता दिली ती राजाने, आणि त्या नव्या सरकारात राजाचाच मुलगा आधी शिक्षणमंत्री व १९४४ पासून पंतप्रधान. हे कितीही सद्हेतूने झाले तरी पंचाने अध्यक्षाला विरोध करणे निराळे आणि युवराजाला विरोध करणे निराळे. शिवाय औंधच्याच कुंडल गावात १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे मोठे ठाणे होते. ज्या गावांना राजाने स्वराज्य दिले होते त्यांतलेच तरुण ब्रिटिशांशी लढायला बाहेर पडले. ज्याला मी औंधचे अपयश म्हणणार होतो, ते हे नव्हे असे आता मला वाटते. चार वर्षे गावसभेत बसलेल्या माणसाला इंग्रजांचा फौजदार पूर्वीइतका मोठा वाटत नसावा.

येथे आशियातील दुसऱ्या एका राजपुत्राची आठवण होते. सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजपुत्र दाम्रोंग राजानुभाब (१८६२–१९४३) हे राजा मोंगकुट यांचे चिरंजीव आणि राजा चुलालोंगकोर्न यांचे सावत्र बंधू. १८९२ पासून १९१५ पर्यंत त्यांनी देशाचा अंतर्गत कारभार सांभाळला. युरोपातून परतताना ते हिंदुस्थानातही येऊन गेले होते. ठिकठिकाणच्या वंशपरंपरागत सरदारांकडील सत्ता काढून घेऊन पगारी अधिकाऱ्यांमार्फत ती राजधानीत गोळा करणे, हे त्यांचे मोठे कार्य. शाळा, दफ्तरखाने, राष्ट्रीय ग्रंथालय हे सर्व त्यांच्या हातून उभे राहिले आणि थाई इतिहासलेखनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. सयाम युरोपीय साम्राज्यांच्या जबड्यातून वाचला त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. परंतु जून १९३२ मध्ये क्रांती होऊन राजाची अनियंत्रित सत्ता संपली, आणि या वृद्ध विद्वानाला काही वर्षे पेनांगला परागंदा होऊन राहावे लागले. दाम्रोंगांनी विखुरलेली सत्ता मध्यभागी आणली व ती इतरांनी हिसकावून घेतली. औंधच्या बापलेकांनी मध्यभागी असलेली सत्ता गावोगाव विखरून टाकली. विद्वत्तेत, कष्टात आणि देशप्रीतीत दाम्रोंग यांचे पारडे जड आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण १९३२ साली बँकॉकमध्ये जे झाले ते औंधमध्ये होण्याला जागाच उरली नव्हती.

औंधची सत्ता गेली ती निराळ्या वाटेने. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. देशाच्या एकीकरणाच्या दृष्टीने हे अपरिहार्य होते आणि पंतांनी त्याला अडथळा केला नाही. पण विलीनीकरणाने राजाबरोबर त्या बहात्तर गावांच्या पंचायतींचे अधिकारही गेले, आणि गावे पुन्हा मामलेदार कचेरीच्या पायरीशी आली. नऊ वर्षे स्वतःचा कारभार पाहिलेल्या गावांना याबद्दल कोणी विचारले नाही. स्वातंत्र्याने आमच्या मराठवाड्याला सप्टेंबर १९४८ मध्ये जे दिले, ते त्याच वर्षी मार्चमध्ये औंधच्या खेड्यांतून काही अंशी काढून घेतले, असे विधान मी करीत आहे. ते काहींना धाडसाचे वाटेल, परंतु त्याला इलाज नाही.

राज्य नाही, खाते नाही, वय पस्तीस. पंडित नेहरूंनी याच वर्षी आप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले कमिशनर म्हणून नैरोबीला पाठविले. ऑगस्ट १९४८ मध्ये ते तेथे पोचले, तेव्हा आमच्याकडे रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. मला त्यांच्या आयुष्यातले हे सहा वर्षांचे प्रकरण सर्वांत मोलाचे वाटते.

केनियाची तेव्हाची स्थिती अशी. आफ्रिकी लोक बावन्न लाखांच्या वर. हिंदी वंशाचे एक लाखाच्या आत. युरोपीय जेमतेम तीस हजार. उत्तम जमिनीचा उंच पट्टा या तीस हजारांसाठी राखलेला, राज्यही त्यांचेच. हिंदी लोक मधल्या पायरीवर. रेल्वे बांधायला गेलेले मजूर, मागून आलेले गुजराती-पंजाबी व्यापारी, कारकून, थोडे गोवेकर. खेडोपाडी त्यांची दुकाने. स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात, तो आपलाच शब्द. वरच्या गोऱ्याकडून अपमान सोसायचा आणि खालच्या काळ्याकडे पाठ फिरवायची, ही त्यांच्यातल्या पुष्कळांची रीत झाली होती. तेथे आलेल्या भारताच्या प्रतिनिधीने आपल्या लोकांचे हक्क मागावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

आप्पासाहेबांनी त्यांना उलटे सांगितले. हा देश आफ्रिकी माणसाचा आहे, येथे राहायचे तर त्याच्याशी नाते जोडून राहा, त्याच्या आधी स्वतःचे हक्क मागू नका. नेहरूंचे धोरणही हेच होते. धोरण दिल्लीत बसून ठरविता येते, परंतु नैरोबीतल्या व्यापाऱ्याला ते तोंडावर सांगायला धैर्य लागते. पंतांच्या घरी आफ्रिकी पुढारी येऊ-जाऊ लागले. जोमो केन्याटा, पीटर म्बियू कोइनांगे यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. आफ्रिकी तरुणांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. गांधीजींच्या स्मारकासाठी तेथील हिंदी लोकांनी जो निधी उभारला, तो पुढे सर्व वंशांना खुल्या अशा तंत्रमहाविद्यालयात घालण्यात आला आणि त्यातूनच काही वर्षांनी नैरोबी विद्यापीठ झाले.

ऑक्टोबर १९५२ मध्ये माऊ माऊच्या उठावावरून केनियात आणीबाणी जाहीर झाली आणि केन्याटांना पकडण्यात आले. कापेनगुरिया या आडगावी चाललेल्या खटल्यात बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. भारताचा कमिशनर आफ्रिकी चळवळ्यांना फूस देतो, अशी तक्रार गोऱ्या वसाहतवाल्यांनी व तेथील सरकारने लावून धरली होती, आणि १९५४ मध्ये पंतांना केनिया सोडावे लागले. भारत सरकारने त्याच वर्षी त्यांना पद्मश्री दिली. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला आणि केन्याटा त्याचे पहिले पंतप्रधान झाले.

राजवाड्यात वाढलेला हा माणूस किकुयू शेतकऱ्याच्या बाजूला इतक्या सहजपणे कसा उभा राहिला? ऑक्सफर्डने हे शिकविले नसावे, कारण तेथूनच शिकून आलेले गोरे अधिकारी त्यांच्या विरुद्ध बाजूला होते. आटपाडीच्या माळावर पंचायतीच्या बैठकींत मांडी घालून काढलेली वर्षे तेथे कामाला आली, असे माझे मत आहे. लिहिता न येणारा माणूस राज्य चालवायला नालायक असतो, हा युक्तिवाद नैरोबीचे गोरे रोज करीत होते. औंधने त्यावर एक उत्तर काढून पाहिले होते. लिहिता येत नाही तर शिकवा, पण राज्य त्याचेच.

१९५५ ते १९६१ या काळात ते सिक्कीम व भूतानसाठी भारताचे पॉलिटिकल ऑफिसर म्हणून गंगटोकला होते. नाव जुन्या इंग्रजी अमलातले, पण काम नाजूक. ल्हासा, यातुंग, ग्यांत्से येथील भारतीय कचेऱ्याही त्यांच्याच देखरेखीखाली. १९५४ च्या पंचशील करारानंतर तिबेटात चीनचा अंमल घट्ट होत चालला होता आणि तो जवळून पाहण्याची जागा भारताकडे ही एकच. १९५६ मध्ये भगवान बुद्धांच्या २५०० व्या जयंतीसाठी दलाई लामा भारतात आले, ते नथू-ला खिंडीतून सिक्कीममध्ये उतरून. सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू आणि इंदिराजी भूतानला गेल्या, त्या वेळी मोटारीचा रस्ता नव्हता. नथू-ला, यातुंग असा तिबेटातून वळसा घालून, घोड्यावर व पायी, ते पारोला पोचले. या प्रवासात पंत बरोबर होते. परतल्यावर १ ऑक्टोबर १९५८ रोजी नेहरूंनी गंगटोकला नामग्याल तिबेटविद्या संस्थेचे उद्घाटन केले. पुढच्याच मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामांना देश सोडावा लागला. तिबेटी ग्रंथ आणि मूर्ती जेव्हा हजारोंनी नष्ट होत गेल्या, तेव्हा हिमालयाच्या अलीकडे असे एक भांडार आधीच उभे होते, ही गोष्ट लहान नाही. पंतांना स्वतःला बौद्ध साधनेचे आकर्षण येथेच जडले. त्यांच्या पुढच्या लिखाणावर त्याची दाट छाया आहे, कधीकधी जरा जास्तच दाट.

नंतरच्या नेमणुका मी भरभर सांगतो, कारण त्या मोठ्या असल्या तरी त्यांत राजदूत अधिक आणि माणूस कमी दिसतो. १९६१ ते १९६४ इंडोनेशिया. तेथे १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत इस्रायल व तैवानच्या खेळाडूंना प्रवेश न दिल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठविला आणि चिडलेल्या जमावाने जाकार्तातील भारतीय वकिलातीवर हल्ला केला. (त्याच स्पर्धेत त्याच सुमारास भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, हे क्रीडाप्रेमी मित्रांसाठी.) पुढे नॉर्वे, मग १९६६ ते १९६९ इजिप्त, म्हणजे नासरचा काळ आणि १९६७ चे सहा दिवसांचे युद्ध. १९६९ ते १९७२ लंडनला हायकमिशनर. बांगलादेशाच्या युद्धाचे दिवस. ८ जानेवारी १९७२ रोजी पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीबुर रहमान प्रथम लंडनला उतरले, तेव्हा त्यांना भेटणाऱ्यांत पंत होते. शेवटी इटली, आणि १९७५ मध्ये निवृत्ती. या साऱ्या भटकंतीत त्यांच्या पत्नी डॉ. नलिनीदेवी बरोबर होत्या. त्या स्वतः शल्यविशारद होत्या.

ग्रंथकार म्हणून त्यांचे स्थान ठरविणे थोडे अवघड आहे. दाम्रोंग यांच्यासारखा दफ्तरे चाळून इतिहास लिहिणारा हा पंडित नव्हे. पंतांनी बहुतेक इंग्रजीत लिहिले. आत्मकथन, राजदूतपणातल्या गमती, योग, सूर्यनमस्कार, गांधीविचार हे त्यांचे विषय. वडिलांचा वारसा त्यांनी सूर्यनमस्कारापुरता अगदी निष्ठेने चालविला. योगावरील लेखन मला फार पकडू शकले नाही. तेथे शब्द मोठे आणि उदाहरणे थोडी आहेत. परंतु वडिलांवर आणि औंधच्या प्रयोगावर त्यांनी जे लिहिले, आणि जे मराठीत 'मुलखावेगळा राजा' म्हणून उपलब्ध आहे, ते प्रत्येक इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. त्यात एक बॅरिस्टर मुलगा आपल्या म्हाताऱ्या, हट्टी, नमस्कारवेड्या वडिलांकडे पाहत आहे आणि हळूहळू त्याच्या लक्षात येत आहे की राज्य कसे सोडावे हे आपल्याआधी त्यांना कळले होते. वडिलांचे श्रेय स्वतःकडे ओढण्याचा मोह त्यांना झालेला दिसत नाही. राजघराण्यांच्या लिखाणात हे मी प्रथमच पाहिले.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ पासून आल्या. मराठवाड्यातील आमची गावे त्या वाटेने कारभारात शिरली. पंचायत ही गावाची असते आणि ती बरखास्त करून वर्षानुवर्षे निवडणूक न घेता ठेवता येणार नाही, एवढे घटनेत लिहायला मात्र आणखी तीस वर्षे लागली. आप्पासाहेब १९९२ च्या ऑक्टोबरात वारले. त्यानंतर डिसेंबरात संसदेने त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. औंधच्या बहात्तर गावांना पंचायतीचे राज्य देणारा कायदा निघून तेव्हा चोपन्न वर्षे झाली होती.